भूजलाची मालकी आणि अज्ञानाची सबब

इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यात एका कापड गिरणीची विहीर आटली, कारण जवळपासच्या जमिनीत दगडी कोळशासाठी खाणी खोदल्या गेल्या होत्या. ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याचा निकाल १८४३ साली लागला आणि तो खाणवाल्यांच्या बाजूने गेला. न्यायमूर्ती टिंडल यांचे म्हणणे असे की, नदीचा प्रवाह सर्वांना दिसतो, त्यामुळे काठच्या लोकांमध्ये एकमेकांविषयी बंधन निर्माण होते. जमिनीखालचे पाणी कुठून येते नि कुठे जाते हे कोणालाच ठाऊक नसते, मग त्याबाबत बंधन कसले? म्हणून ज्याची जमीन, त्याचे पाणी. हेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आले. म्हणजे भूजलावरची ही मालकी कोणाच्या कष्टातून किंवा पुण्याईतून आलेली नाही. ती अज्ञानाच्या सबबीवर उभी आहे. सबब संपली की तिच्यावर उभा असलेला हक्कही संपायला हवा.

आज ती सबब उरलेली नाही. गोव्याच्या डिचोली, सत्तरी, सांगे भागांत वर जांभ्याचा थर आणि खाली लोहखनिज असते. या खनिजाची भुकटी सच्छिद्र असते. पावसाचे मुरलेले पाणी तिच्यातच साठते. तिथे खनिज उपसणे म्हणजे पाण्याचे कोठारच उपसणे. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तळ कोरडा ठेवण्यासाठी पंप चालवावे लागतात, आणि भोवतालचे पाणी त्या खड्ड्याकडे ओढले जाते. विहिरींची पातळी मोजून हा ओघ आज सांगता येतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात पाऊस, अन्न आणि यज्ञ यांचे चक्र सांगितले आहे, आणि मिळालेले परत न करता भोगणाऱ्याला तिथे चोर म्हटले आहे. आपल्या उपशाने कोणाची विहीर आटते हे कळत असताना उपसा चालू ठेवणाऱ्याला हा शब्द टाळता येणार नाही.

यावर खाणवाले म्हणतात की, उपसलेले पाणी आम्ही ओहोळात सोडतो, गावाला टँकरही देतो. मग तोटा कुठे झाला? तोटा पाण्याच्या हिशेबात शोधून पुरता सापडणार नाही. ओहोळात सोडलेले पाणी समुद्राला मिळते. विहिरीला ते वैशाखात हवे असते. आणि टँकर वेळेवर आला तरी कालपर्यंत जो हक्क होता, तो आज मेहेरबानी होतो. ज्याच्या कृपेवर पाणी अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध गावाने कोर्टात उभे राहायचे कसे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोखंड सर्वांना लागते आणि खाणींवर हजारो घरे चालतात. हे खरे आहे. पण गरजेतून खाणकामाची परवानगी निघू शकते, शेजाऱ्याच्या पाण्यावरची मालकी निघत नाही. तिसरा आक्षेप असा की, डोंगराला किंवा झऱ्याला देव मानणाऱ्यांची श्रद्धा न्यायालयाने का विचारात घ्यावी? ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो डोंगर देव आहे की नाही, याचा निवाडा केला नाही. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचे धार्मिक हक्क बाधित होतात का, हा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. नियमराजा या त्यांच्या डोंगरदेवावर श्रद्धा नसलेल्यालाही यातला न्याय पटावा: ज्यांचे झरे पणाला लागतात, त्यांना आधी विचारले पाहिजे.

१९९६ साली कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शासनाला नैसर्गिक संपत्तीचे विश्वस्त ठरवले. विश्वस्ताला ठेव वापरू देता येते, बुडवू देता येत नाही. ही भूमिका मनापासून मानायची असेल, तर पुराव्याचा भार उलटा करावा लागेल. विहीर खाणीमुळेच आटली हे आज गावकऱ्याला सिद्ध करावे लागते, आणि तोवर विहीर कोरडी झालेली असते. त्याऐवजी, उपशाने कोणाचेही पाणी तुटणार नाही हे पंप सुरू होण्याआधी खाणवाल्याने सिद्ध करावे. ते जमत नसेल, तर ते खनिज जमिनीतच राहू द्यावे.