न लिहिलेले स्वर

आज्ञा पाळणारा माणूस स्वतंत्र असू शकतो काय? पुष्कळांच्या मते आज्ञापालन म्हणजे स्वतःच्या बुद्धीला रजा देणे आणि स्वातंत्र्य म्हणजे कोणाचेही न ऐकणे. या दोन्ही व्याख्या किती अपुऱ्या आहेत, हे आम्हांस एका सोनाटाने उमगले.

व्हेनिसचे संगीतकार आंतोनियो विवाल्दी (१६७८–१७४१) हे धर्मगुरू होते. तेथील पिएता या अनाथालयातील मुलींना त्यांनी अनेक वर्षे संगीत शिकविले. चेलो व कंटिन्युओ यांसाठी त्यांनी रचलेले सहा सोनाटा १७४० च्या सुमारास पॅरिस येथे छापले गेले. त्यांतील पाचवा, ई मायनरमधील सोनाटा संथ, द्रुत, पुन्हा संथ व पुन्हा द्रुत अशा चार भागांचा आहे. चेलो हे खर्जाचे, गंभीर तंतुवाद्य. एरवी ते इतरांच्या सुरावटीला आधार देते. येथे मात्र ते स्वतः गाते आणि त्याला आधार देतो तो कंटिन्युओ.

हा कंटिन्युओ म्हणजे काय? त्या काळचा रचनाकार खालच्या स्वरांची एकच ओळ लिहीत असे व तिच्याजवळ आकडे मांडत असे. एखाद्या स्वराशी ६ हा आकडा असेल, तर त्या स्वरापासून मोजून तिसरा व सहावा स्वर त्याला जोडायचा. हार्पसिकॉर्डवादक डाव्या हाताने ती ओळ वाजवितो आणि उजव्या हाताने सुचविलेले स्वर भरतो. ते कोणत्या सप्तकात, एकदम की एकामागून एक, हे कागदावर नसते. चेलोचे ऐकून ते त्याने त्या क्षणी ठरवायचे असते.

येथे दोन चुका संभवतात. एक वादक आपलेच चातुर्य मिरवून चेलोला झाकून टाकील. दुसरा आकड्यांपुरते स्वर दाबून मोकळा होईल. त्याने नियम मोडला नाही, परंतु साथही केली नाही. पहिल्याला आपण उद्धट म्हणतो. दुसऱ्याला मात्र आज्ञाधारक म्हणून गौरवितो! आमचा आक्षेप आहे तो येथेच.

आजच्या पुष्कळ छापील प्रतींत संपादकाने उजव्या हाताचे सारे स्वर लिहून दिलेले असतात. शिकणाऱ्याची ती मोठी सोय आहे. पण तिच्यावर कायमचा विसंबणारा हळूहळू ऐकणे विसरतो. कर्तव्याच्या बाबतीत आपणही असेच सारे लिहून मागतो: गरजवंताला किती द्यावे, किती वेळा क्षमा करावी, आजारी आईपाशी किती वेळ बसावे. नेमका आकडा हाती आला की मन निश्चिंत होते आणि समोरच्या माणसाकडे पाहण्याची जबाबदारी टळते. आम्ही या मोहातून सुटलो आहोत, असे नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाचे ऐकण्यापेक्षा नियमांचे पुस्तक उघडणे आम्हांस कितीतरी वेळा सोपे वाटले आहे.

आकडा पाळलाच पाहिजे. त्यावाचून संगीत उभे राहत नाही. परंतु त्याच्या वरची जागा रचनाकाराने विसरून रिकामी ठेवलेली नाही. वादकाच्या विवेकावर विश्वास ठेवून ती त्याच्या हाती सोपविली आहे. त्या विश्वासाला जागणे, यालाच आम्ही आज्ञापालन म्हणतो, आणि स्वातंत्र्यही.