‘हॅक्सॉ रिज’ कोणत्या वयात पाहावा?

मेल गिब्सन यांचा ‘हॅक्सॉ रिज’ (2016) हा श्रद्धेवरचा चित्रपट आहे आणि अलीकडच्या सर्वांत रक्तरंजित युद्धपटांपैकी एकही आहे. त्यामुळे मुलांना तो दाखवावा की नाही, हा प्रश्न श्रद्धाळू कुटुंबांपुढे अधिक अवघड होऊन येतो. नायक काल्पनिक असता तर चित्रपट टाळून मोकळे होता आले असते. पण डेझमंड डॉस (1919–2006) खरोखर होऊन गेले. व्हर्जिनियातील लिंचबर्गचे हे रहिवासी सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे होते आणि शनिवारचा शब्बाथ पाळत. हत्या करू नये ही आज्ञा त्यांनी कोणतीही पळवाट न ठेवता मानली. ते सैन्यात गेले ते शस्त्र हाती न घेण्याच्या निश्चयाने, जखमींची सेवा करण्यासाठी. 1945 च्या मे महिन्यात ओकिनावातील माएदा कड्यावरून तुकडीला माघार घ्यावी लागली. डॉस मात्र वरच थांबले आणि जखमींना एकेक करून दोराने खाली सोडत राहिले. सन्मानपत्रात सुमारे 75 जणांचा आकडा आहे. डॉस स्वतः पन्नासच्या आसपास सांगत. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना मेडल ऑफ ऑनर दिले.

असे आयुष्य तरुणांना कळावे, असे कोणत्याही धर्माच्या पालकाला वाटेल. अडचण येते ती चित्रपटाच्या उत्तरार्धात. पेटलेली शरीरे, उंदरांनी कुरतडलेली प्रेते, बाहेर आलेली आतडी आणि ढालीसारखे पुढे धरलेले एक तुटके धड, असे सगळे त्यात जवळून आणि बराच वेळ दिसते. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे 17 वर्षांखालच्यांसोबत पालक किंवा जबाबदार प्रौढ हवा. ब्रिटनमध्ये वयाची अट 15 ची आहे. भारतातही 2023 च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ वर्गात 7, 13 आणि 16 अशा पायऱ्या आल्या. ही प्रमाणपत्रे पालकांना सावध करतात. पण पडद्यावर काय आणि किती दिसते एवढेच त्यांतून कळते. ते कशासाठी दाखवले आहे आणि पाहणाऱ्याच्या मनात काय रुजणार आहे, याचा विचार पालकांनाच करावा लागतो.

ख्रिस्ती चर्चेत इथे पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र पुढे केले जाते. जे शुद्ध आणि प्रशंसनीय आहे त्याचे चिंतन करावे, असे ते सांगते. हा आधार मोलाचा आहे, पण त्याच यादीत सत्याचे नाव आधी येते, आणि युद्धाचे सत्य शुद्ध नसते. बायबलही ते झाकत नाही. ‘शास्ते’ या पुस्तकातील काही प्रकरणे लहान मुलांना कोणी वाचून दाखवत नाही, तरी ती ग्रंथातून कोणी काढलेलीही नाहीत. शिवाय, डॉस यांनी काय नाकारले हे कळल्याशिवाय त्यांच्या नकाराचे वजन कळत नाही. स्वच्छ, रक्ताचा थेंबही न दाखवणारे रणांगण हे एक खोटेच असते, आणि मुलांना युद्ध आवडायला लावण्यात त्या खोट्याचा हात मोठा असतो.

याच्या विरुद्ध बाजूचा सर्वांत जड पुरावा संत ऑगस्टीन यांच्या ‘कन्फेशन्स’मध्ये, सहाव्या भागात आहे. त्यांचा मित्र अलिपियस याला ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा तिटकारा होता. मित्रांनी रोममध्ये त्याला ओढून नेले, तेव्हा तो डोळे घट्ट मिटून बसला. प्रेक्षकांचा एकच कल्लोळ उठला, त्याने डोळे उघडले, आणि मग त्याला नजर हटवता येईना. रक्ताची नशा चढली. ऑगस्टीन यांच्या मते खाली पडलेल्या योद्ध्यापेक्षा त्याचा आत्मा अधिक घायाळ झाला. किळस आणि ओढ एकाच वेळी जाग्या होतात, आणि दृढ मनाच्या तरुणाचीही त्यातून सुटका नसते, हे या प्रसंगातून दिसते. बारा वर्षांच्या मुलाकडून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

‘हॅक्सॉ रिज’ या धोक्यापासून पूर्ण मुक्त नाही. लढाईच्या दृश्यांत वेग आणि थरार आहे. हिंसेचा धिक्कार करताना कॅमेरा तिच्यात रमल्यासारखा वाटतो. जपानी सैनिक बहुतेक वेळा चेहरा नसलेली झुंड म्हणून येतात. भुयारात डॉस एका जखमी जपान्यावर उपचार करतात तो प्रसंग थोडक्यात उरकतो, वास्तविक त्यांच्या श्रद्धेचा कस तिथेच लागतो. हे प्रौढ प्रेक्षकाला जाणवते. लहान मुलाला तिथे फक्त ‘आपले’ आणि ‘शत्रू’ दिसतील.

म्हणून निर्णय वयाइतकाच समजेवर ठरतो. मेलेला शत्रूही कुणाचा तरी मुलगा होता, हे मनात धरून पाहू शकणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला, मोठ्यांच्या सोबतीने आणि नंतर सविस्तर बोलायची तयारी ठेवून, हा चित्रपट दाखवावा. त्याहून लहानांना दाखवू नये. मुख्य पात्र देवभक्त आहे, हे त्यासाठी पुरेसे कारण नाही. चर्चच्या तरुण मंडळाने किंवा शाळेने तो कुणावरही लादू नये. ज्याला पाहायचा नाही त्याच्या नकाराला मान द्यावा, कारण वरिष्ठांचा दबाव झुगारून सदसद्विवेकाला जागणाऱ्या माणसाचीच ही कथा आहे. डॉस यांच्या पंथात नाटक-सिनेमापासून दूर राहण्याची जुनी परंपरा आहे, तिचाही आदर इथे राखला जातो. लहान मुलांना डॉस भेटवायचे असतील तर 2004 चा ‘द कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर’ हा माहितीपट आहे. त्यात वृद्ध डॉस स्वतःच्या तोंडून आपली हकिकत सांगतात. सुरुवात तिथून करावी.