शंकासमाधान : भर दुपारची विहीर

प्रश्न : फादर, दर वर्षी राखेच्या बुधवारी मी ठरवते, की या उपवासकाळात रोज पवित्र शास्त्र वाचायचे. पहिला आठवडा बरा जातो. मग मुलांच्या परीक्षा, पाहुणे, पाण्याचा टँकर यांत खंड पडतो आणि मन खट्टू होते. मुले तर बसतच नाहीत, ‘बोअर होतं’ म्हणतात. वाचनाच्या काही नव्या, कल्पक रीती सांगाल का? आणि संकल्प मोडला तर ते पाप धरावे काय?
– एक गृहिणी, वसई

उत्तर : ताई, शेवटची शंका आधी घेतो, कारण तीच तुम्हाला जास्त छळते असे पत्रावरून दिसते. पाप नाही. तो नवस नव्हता, मनाशी केलेला संकल्प होता. मोडला, पुन्हा धरा. उपवास कधी आणि मांस कधी वर्ज्य, हे ख्रिस्तसभेने सांगितले आहे. रोज किती अध्याय वाचले याचा हिशेब तिने कुणाकडे मागितलेला नाही. हिशेब मांडतो आपणच.

मीही मांडला आहे. तरुणपणी एका धर्मग्रामात मी ‘चाळीस दिवसांत नवा करार’ अशी पाटी लावली होती. नव्या करारात २६० अध्याय, म्हणजे रोजचे साडेसहा. घरोघरी रकान्यांचे कागद वाटले. वाचले की बरोबरची खूण करायची. ईस्टरनंतर एका आजोबांनी पूर्ण भरलेला कागद अभिमानाने माझ्या हातात दिला. मी विचारले, “काय आवडलं?” ते जरा थांबून म्हणाले, “फादर, संपवलं, ते आवडलं.” दोष त्यांचा नव्हता, माझ्या रकान्यांचा होता. तेव्हापासून मी उपवासकाळात कुणाला आकडा देत नाही.

आता रीती. पहिली रीत नवी मुळीच नाही : मोठ्याने वाचा. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय काढा. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेहून परत निघाला आहे. रथात बसून तो यशया वाचतो आहे, आणि फिलिप्पाला ते ऐकू येते. ऐकू येते, कारण तो मोठ्याने वाचतो आहे. त्या काळी एकटा माणूसही बहुधा ओठ हलवूनच वाचायचा. फिलिप्प जवळ जाऊन एवढेच विचारतो, की जे वाचता ते समजते का? त्यावर तो मोठ्या हुद्द्याचा माणूस सरळ सांगतो, की कुणी समजावल्याशिवाय कसे समजणार? पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला एवढीच सामग्री लागते. एक मोठ्याने वाचणारा, एक विचारणारा, आणि ‘नाही समजले’ म्हणायची लाज नसणे.

आपल्या मराठीत तर हे काम चारशे वर्षांपूर्वी झाले. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, इंग्लंडचे येशूसंघीय. १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. ओवीच का? कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला ओवी ठाऊक होती. आणि रचना अशी, की पाद्री गुरू सांगतात आणि श्रोते मध्येच शंका विचारतात. म्हणजे हे सदर चालवणारा मी काही पहिला नव्हे. तेव्हा तुमच्या घरी वाचताना मुलाने मध्येच तोंड घातले तर ‘गप्प बस, प्रार्थना चालू आहे’ म्हणू नका. तिथेच अभ्यास सुरू झालेला असतो.

मार्कचे शुभवर्तमान सगळ्यांत लहान, सोळा अध्यायांचे. न थांबता मोठ्याने वाचले तर दीड-दोन तासांत होते. एका रविवारी संध्याकाळी टीव्ही बंद करून सगळ्यांनी पाळीपाळीने ते सलग वाचून पाहा. तुकड्यातुकड्याने ऐकलेला येशू आणि सलग ऐकलेला येशू यांत फार फरक आहे. मार्कचा येशू सारखा कुठेतरी निघालेला असतो, त्याला जेवायलाही सवड मिळत नाही.

दुसरी रीत हाताने लिहून काढण्याची. घरात जुनी वही असेल, तीत रोज चार-पाच ओळी उतरवा, जास्त नको. लिहिताना डोळा ज्या शब्दावरून घसरत असतो तिथे हात अडतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा घरी परततो तेव्हा बाप धावत जातो, हे आपण शंभरदा ऐकले आहे. ‘धावत’ हा शब्द लिहिताना मला पहिल्यांदा वाटले, अरे, आमच्या गावात वडीलधारा माणूस असा रस्त्यावरून धावला तर लोक काय म्हणतील! आणि थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे लूक सांगतच नाही, तेही लिहून झाल्यावर कळले. पुढची ओळ शोधत होतो, ती नव्हती.

तिसरी रीत मुलांसाठी, आणि माझी सर्वांत आवडती. प्रसंगात जाऊन उभे राहायचे. संत इग्नाती यांनी आपल्या अध्यात्मसाधनेत ती शिकवली. योहानाचा चौथा अध्याय घ्या, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी ‘अ’ वर्षात मिस्सेत तो वाचतात. मुलांना आधी काहीच समजावू नका, फक्त विचारा. किती वाजले होते? भर दुपार. आपल्याकडे बावखलावर, विहिरीवर बायका पाण्याला कधी जायच्या? आजीला विचारा. सकाळी, नाहीतर उन्हं कलल्यावर. मग ही एकटीच बारा वाजता का आली? येशूजवळ पोहरा होता का? नव्हता, ती बाईच तसे म्हणते, आणि विहीर खोल आहे असेही म्हणते. गावाकडे धावताना तिने काय मागे ठेवले? घागर. आता ती येशूला काय काय म्हणते त्यावर पेन्सिलने रेघ मारा. आधी ‘तुम्ही यहुदी’, मग ‘महाराज’, मग ‘संदेष्टा’, मग ‘हाच ख्रिस्त असेल काय?’ नववीतल्या मुलाला एवढे दिले तर तो अर्धा तास मोबाईल विसरतो, हे मी पाहिले आहे.

जाता जाता आमच्याच एका खोडीबद्दल. पाच नवरे झाले होते एवढ्यावरून आम्ही प्रवचनकारांनी या बाईला बदफैली ठरवून टाकले. योहानाने तसा एकही शब्द लिहिलेला नाही, आणि येशूही तिला दटावत नाही. त्या समाजात घटस्फोट द्यायचा तो पुरुषाने. पाच जण मेले असतील, टाकून गेले असतील. आदल्याच अध्यायात निकदेम हा विद्वान पुरुष रात्री लपून येतो आणि निघून जातो. ही दुपारी उजेडात वाद घालते आणि अख्खे गाव घेऊन परत येते. निकदेमावर आम्ही प्रवचनात कधी चिखल उडवला नाही.

पण खरी गाठ नवव्या वचनात आहे. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, असे तिथे म्हटले आहे. त्या शब्दांचा अर्थ काही अभ्यासक ‘एका भांड्यातून खातपीत नसत’ असा लावतात. म्हणजे येशूने पाणी मागितले ते तिच्या भांड्यातले. हे मराठी माणसाला टीप देऊन समजवावे लागते काय? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्यायले. तो दिवस रविवार होता. त्या साली ईस्टर १७ एप्रिलला आला, म्हणजे तो उपवासकाळातला तिसरा रविवार. या रविवारी हे वाचन तेव्हा नव्हते, ते व्हॅटिकन परिषदेनंतर आले. निव्वळ योगायोग आहे, त्यातून कुणी दैवी संकेत काढू नये. पण महाराष्ट्रात बसून चौथा अध्याय वाचायचा आणि महाड आठवायचे नाही, हे मला जमत नाही. ते तळे नंतर पंचगव्याने ‘शुद्ध’ करून घेतले गेले. लोकांनी प्यायल्याने पाणी बाटले आणि शेणाने ते शुद्ध झाले!

हे वाचून ‘ते त्यांचे, आपल्यात तसे नाही’ म्हणणारी पत्रे मला येतील. येऊ द्या. आपल्यात लग्न जमवताना पहिला प्रश्न काय असतो? पत्रिका नव्हे, बाप्तिस्म्याचा दाखलाही नव्हे. ‘आपल्यातली आहे ना?’ हा. दोघेही एकाच वेदीपुढे एकाच भाकरीचे वाटेकरी, तरी आपल्यातले नाहीत. आणि तुमच्या स्वयंपाकघरात पाहा. बेसिनच्या खाली किंवा खिडकीच्या कठड्यावर एक कप उपडा ठेवलेला असेल, बहुतेक कान तुटलेला. तो भांडी घासायला येणाऱ्या बाईचा. क्रुसाची वाट दर शुक्रवारी न चुकता करणाऱ्या घरांत मी तो कप पाहिला आहे. मांस सोडलेल्या घरांत पाहिला आहे. मांस सोडून त्या दिवशी पापलेट केलेल्या घरांत तर नक्कीच. ताई, कल्पक रीत विचारलीत ना? नववे वचन वाचा, उठा, तो कप शोधा, आणि दुपारच्या चहाला त्यातून तुम्ही प्या. तुमचा कप त्या बाईला द्या. मुले बघतील. त्यांना बोअर होणार नाही.

प्रश्न : आमच्या घरी रोज सकाळी वचनपेटीतून प्रत्येक जण एक चिठ्ठी काढतो, तिच्यावरचे वचन त्या दिवसासाठी देवाचा शब्द मानतो. यंदा एका प्रचारकाकडून उपवासकाळासाठी ‘चाळीस आशीर्वादांचा’ खास संच विकत घेतला, अभिषेकाच्या तेलासह. किंमत जरा जास्त वाटली. हा शास्त्राभ्यास म्हणता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. हा पोपटवाल्याचा धंदा आहे, फक्त पोपटाच्या जागी तुम्ही आहात.

त्या संचात मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातले एखादे ‘धिक्कार असो’ आहे का, पाहा. लूकच्या सहाव्या अध्यायात येशू श्रीमंतांना जे सुनावतो ते आहे का? नसणार. कोण पैसे देऊन शिव्या विकत घेईल? यिर्मयाचे एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन मात्र नक्की असेल, तुमच्या हिताच्या योजना देवाजवळ आहेत, ते. छानच वचन आहे. पण त्याच्या आधीचे दहावे वाचा. बाबेलला कैद करून नेलेल्यांना यिर्मयाने हे पत्र पाठवले, आणि दहाव्या वचनात देव म्हणतो, सत्तर वर्षांनी तुम्हाला परत आणीन. सत्तर! पत्र हातात घेतलेल्या बहुतेकांची हाडे बाबेलातच पुरली जाणार होती. तोवर घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला ओढून नेले त्याचेच भले चिंता, असे तो आधी लिहितो. हा आशीर्वाद चिठ्ठीवर मावत नाही.

संत जेरोम यांचे म्हणणे होते, की शास्त्र न जाणणारा ख्रिस्तालाच जाणत नाही. व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात तेच उचलून धरले आणि सगळ्याच भाविकांना वाचायला सांगितले. जाणायला मागचेपुढचे वाचावे लागते. चिठ्ठीला मागे-पुढे नसते. सोयच ती.

पैशांचे म्हणाल, तर वर सांगितलेला प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्यायच पुन्हा काढा. खजिनदाराच्या आधी त्यात शिमोन जादूगार येतो. पवित्र आत्म्याची देणगी देण्याची ताकद विकत मिळावी म्हणून तो पेत्रापुढे पैसे ठेवतो, आणि पेत्र त्याला तुझे पैसे तुझ्याबरोबर नाश पावोत असे ठणकावतो. आजचे काही शिमोन पैसे देत नाहीत, घेतात. हे मी बाहेरच्या प्रचारकांपुरते म्हणत नाही. झगा घातलेल्या आम्हा लोकांतही तेलाच्या बाटलीवर, मेणबत्तीच्या जाडीवर आणि देणगीदाराच्या नावाच्या फरशीवर आशीर्वाद मोजणारे आहेत. तेल तुम्ही घेतलेच आहे, तर डोक्याला लावा. पेटी मुलांना पत्त्यांसारखी खेळायला द्या : चिठ्ठी काढायची, आणि ते वचन पुस्तकात शोधून त्याच्या आधीच्या पाच ओळी वाचून दाखवायच्या. सापडले नाही तर डाव गेला.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ८१. मोतीबिंदूमुळे दिसत नाही आणि मुळात अक्षरओळख नाही. उपवासकाळात मी वाचते तेव्हा त्या बाजूला माळ घेऊन बसतात. त्यांचा अभ्यास कसा व्हावा?
– एक सून, अर्नाळा

उत्तर : तुम्ही वाचा आणि त्यांना माळ बाजूला ठेवायला सांगू नका. क्रुसाच्या वाटेची चौदाही स्थाने त्यांना पाठ असतील. चौथ्या स्थानाशी, आईची भेट होते तिथे, थांबा आणि पुढे काय झाले असेल ते त्यांनाच विचारा. त्या जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा, त्यांच्याच बोलीत, शुद्धलेखन न सुधारता. तुमच्या पवित्र शास्त्राच्या पानांत सध्या मयताची कार्डे, झावळ्यांच्या रविवारचा वाळका तुकडा आणि विजेचे बिल ठेवलेले असेल. ते बिल काढा आणि ही वही तिथे ठेवा. आणि मोतीबिंदूचे डॉक्टरांना दाखवा, शस्त्रक्रिया होते. देवाची इच्छा म्हणून बसू नका.