तहान एकच

उन्हाळ्याच्या सकाळी अंगणातल्या पाण्याच्या भांड्यावर आधी चिमणी येते, मग कावळा, मग एखादे भटके कुत्रे. रंग वेगळे, आवाज वेगळे, पण तहान एकच असते.

देहांचे हे वेगळेपण खरे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या सर्वांत एकच चैतन्य, म्हणजे जाणणारी आणि जगू पाहणारी शक्ती, वसते हे ओळखून वागणे, यालाच संतपरंपरेने समदृष्टी मानले. पैठणच्या एकनाथांची आख्यायिका सांगते, की रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. त्यांच्या लेखी पूजा तेथेच पोचली, कारण तहान एकच होती.

गाढवाला पाणी पाजण्याहून कठीण असते ते माणसाला बरोबरीने जवळ घेणे. ज्या पंढरपुरात समतेचे अभंग गायले गेले, तेथेच अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांना विठ्ठल मंदिराबाहेर राहावे लागले, आणि ते दार दलितांसाठी उघडावे म्हणून समाजसुधारक साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, ही वेदना विसरता येत नाही. ओठांवरचे अद्वैत, म्हणजे कोणीही परका नाही ही धारणा, शतकानुशतके उंबरठ्यापाशीच थांबले होते.

श्रोतेहो, असे उंबरठे घरातही असतात. कामाला येणाऱ्या ताईंसाठी वेगळा कप ठेवलेला असेल, तर तो आजच बाजूला काढता येईल, आणि त्यांचा चहा सर्वांच्या कपांतूनच, सर्वांसोबत बसून, देता येईल.