ज्याचं पाणी त्याला

कुणाला हात न लावता त्याचा जीव घेता येतो का? पायाखाली आलेली मुंगी, दिव्यावर झेपावणारा किडा, हे आपल्याला चटकन दिसतं. लहानपणापासून तेच बघायला शिकवलेलं असतं. पण पृथ्वीच्या इतिहासात एक प्रकरण असं आहे, की तिथे कुणी कुणाला मारलं नाही, तरी राहणाऱ्यांची दुनिया पालटली.

पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं. त्यातला जवळजवळ अर्धा काळ हवेत प्राणवायू नव्हताच म्हटलं तरी चालेल. समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. त्या पाण्यात सूक्ष्म जीव सुखानं नांदत होते. त्यांना तेच मानवत होतं. मग निळ्या-हिरव्या जिवाणूंची एक जात आली. ऊन आणि पाणी घेऊन ती आपलं अन्न करी, आणि आपण भाजी निवडून देठं टाकावीत तसा प्राणवायू बाहेर टाकी. सुरुवातीला तो पाण्यातल्या लोखंडानं शोषला. ओला तवा गंजतो ना, तसं ते लोखंड गंजून तळाशी थरांनी बसलं, असं पुष्कळ संशोधक मानतात. गोव्यात डिचोली, सांगे भागात निघणारं लोहखनिज अशाच प्राचीन पट्टेदार खडकांतून आलेलं आहे. शोषणारं काही पुरेना, तेव्हा सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू हवेत साचू लागला. जुन्या रहिवाशांना तो विषच होता. जे तगले ते चिखलात, खोल पाण्यात, हवा पोचणार नाही तिथे गेले. त्यांच्यासारखे जीव आजही गोबर गॅसच्या टाकीत, गाईच्या पोटात, आपल्या आतड्यांत राहतात.

यावर कुणी म्हणेल, "अहो, पण त्यातूनच आपण झालो ना?" झालो, खरंच. काही जिवाणूंनी प्राणवायू वापरायची युक्ती साधली. त्यातला एक दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच घरचा होऊन राहिला. आपल्या पेशींत अन्नातून शक्ती काढून देणारी मायटोकॉन्ड्रिया ही त्याचीच वंशावळ, आणि ती आपल्याला आईकडून मिळते. सूर्याचे प्रखर किरण अडवणारा ओझोनही प्राणवायूचाच. पण ही साक्ष कुणाची? ज्याचा फायदा झाला त्याची. वाटणीत ज्याला मोठी खोली मिळते त्याला वाटणी न्यायाचीच वाटते. जे नाहीसे झाले ते किती होते, याचा हिशेब दगडांतही सापडत नाही.

त्या जिवाणूंना मी दोष देत नाही. श्वास टाकायचा की नाही, ही निवड त्यांच्या हाती नव्हती. आपल्याला मात्र त्यातून एक गोष्ट कळते: जीव आणि त्याचं पाणी या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. पाणी बदललं की जीव गेलाच.

आपल्या आज्या-पणज्या हे पाळत होत्या. पाणी गाळून घेतलं की फडक्यावर राहिलेलं त्या कुठेही झटकत नसत. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ते पुन्हा सोडायचं. दुसऱ्या विहिरीत चालायचं नाही. जिवाणू काही फडक्यात अडकत नाहीत, हे खरं. पण जीव चिरडला नाही एवढ्यानं भागत नाही, त्याला त्याच्या पाण्यात परत पोचवावं लागतं, ही समज त्या रिवाजात आहे.

आता आपल्या ओढ्या-नद्यांकडे बघा. मळीमिश्रित पाणी सुटलं की मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. इथे उलटं घडतं. त्या गोड घाणीवर जिवाणू माजतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. कुणी जाळं टाकलं नाही, कुणी गळ लावला नाही. कंदमूळ वर्ज्य करणारे आपण पुलावरून नाकाला पदर लावून पुढे जातो. पण ऊस कुणाचा? या सीमाभागात आपल्या समाजातली कितीतरी घरं उसावरच उभी आहेत.

त्या जिवाणूंना कळत नव्हतं, आणि त्यांच्या हातून जे घडलं त्याला कोट्यवधी वर्षं लागली. इथे एका रात्रीत होतं, आणि आपल्याला कळतं. कळूनही बेफिकीर राहणं, यालाच आपल्याकडे प्रमाद म्हणतात, आणि हिंसेचं मूळ तिथेच सांगितलंय.

कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाचा दर विचारला जातो, सभासदांच्या साखरेचं विचारलं जातं. काही घरांत शेअर बाईच्या नावावर असतो. सभेला जातात मात्र पुरुष. एकदा आपण जाऊ या. सांडपाणी कुठे सोडता, एवढंच विचारू या. गाळून उरलेलं कुठे सोडायचं, हे आजवर बायकाच तर बघत आल्या.