मंडईतली नजर

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या कोंढा-कोसऱ्याच्या टापूतही भाऊबीजेपासून हाच हंगाम. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. दिवसा दंडारीचं लोकनाट्य, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. सासरी गेलेली लेक येते, नागपूर-पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा येतो, सोयरीक पाहायला निघालेली माणसंही याच गर्दीत असतात. ओसरीवर पाय पडला की पाण्याच्या गडव्याआधी अंगाचा निकाल लागतो. "काऊन वो, किती रोडावली!" "बाई, चांगलीच सुटली की!" "काळी पडली पोरगी."

यामागे वाईट मन नसतं. हे बोलणं उपासमारीच्या दिवसांतून आलेलं आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत खंगून गेला. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याची, म्हणजे आजचा गोंदियाही धरून, १८९१ साली सुमारे ७ लाख ४० हजार असलेली लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ६ लाख ६३ हजारांवर आली. धानावर जगणारा मुलूख. पाऊस चुकला की कोठी रिकामी. अशा ठिकाणी माहेरी आलेल्या लेकीच्या अंगावरून नजर फिरवणं म्हणजे तिला सासरी पोटभर मिळतं का, हे न विचारता जाणून घेणं. भरलेलं अंग पाहून आईला रात्री झोप लागत असे.

पुढे पोटाची भ्रांत कमी झाली, पण नजर तशीच राहिली आणि तिच्या हातातलं माप मात्र बदललं. १९७५ साली फेअर अँड लव्हली हे क्रीम बाजारात आलं आणि त्याच्या नावातला गोरेपणा निघायला २०२० उजाडावं लागलं. मधल्या काळात घरोघरी टीव्ही आला, १९९४ साली एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही किताब भारतात आले, आणि आता मंडईचा प्रत्येक फोटो रात्रीपर्यंत सगळ्या नातलगांच्या मोबाइलवर असतो. भरल्या अंगाचं कौतुक करणारी आजी आणि त्याच अंगाला नावं ठेवणारी मावशी एकाच ओसरीवर बसलेल्या असतात. या दोघींच्या मध्ये सापडलेल्या मुलीनं कोणाचं ऐकायचं?

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. फिजी बेटांवर पोरगी वाळली तर सगळं गोत काळजीत पडायचं. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. ॲन बेकर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डॉक्टरांनी शाळकरी मुलींची छोटी पाहणी केली, तेव्हा वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, ११.३ टक्के मुली तसं करत असल्याचं त्यांनीच सांगितलं. मला ही संख्या फार अस्वस्थ करते. पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत इतक्या लवकर उलटली.

"पण तब्येतीसाठी बोलतो आम्ही," असं कोणी म्हणेल. मधुमेह आणि रक्तदाब खेड्यांतही पोहोचले आहेत, त्यामुळे ही काळजी खोटी नाही. मात्र नुसत्या नजरेला तब्येत कळत नाही. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं सूत्र केटले या बेल्जियन गणितज्ञानं १८३० च्या दशकात मांडलं. १९७२ मध्ये अन्सेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, तेही माणसांच्या मोठ्या गटांच्या अभ्यासासाठी. आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्यासोबत 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. फोटोत दोघेही सडपातळ! जे तराजूला आणि सूत्राला दिसलं नाही, ते ओसरीवरून कसं दिसणार?

आणि पूर्व विदर्भात तर आणखी जपून बोलायला हवं, कारण इथे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. हा आजार असलेल्या मुलांची वाढ मागे पडते, वयात यायला उशीर होतो. थंडीनं, दगदगीनं, पाणी कमी प्यायल्यानं अंगात असह्य कळा उठतात, आणि मंडया भरतात त्या नेमक्या थंडीतच. अशा मुलीला चारचौघांत "काडी झाली" म्हणणं म्हणजे तिनं घरात झाकून ठेवलेलं दुखणं चव्हाट्यावर आणणं. तिची सोयरीक पाहायला कोणी आलेलं असेल तर विचारायलाच नको.

मला सर्वांत जास्त बोचतं ते "काळी पडली." आषाढ-श्रावणात चिखलात वाकून रोवणी कोण करतं? दिवाळीच्या सुमाराला डोक्यावर ऊन घेऊन धान कोण कापतं? मंडईच्या पाहुण्यांच्या ताटातला भात त्याच पाठीनं, त्याच हातांनी आलेला असतो, आणि त्याच अंगाला नावं ठेवली जातात. आपल्या शरीराबद्दल आपुलकी वाटणं म्हणजे आरशात स्वतःला सुंदर म्हणवून घेणं, असं मी मानत नाही. या पाठीनं यंदा किती बांध्या रोवल्या, या पायांनी कोणाकोणाच्या घरी नेलं, हे त्या राबणाऱ्या बाईला ठाऊक असणं म्हणजे ती आपुलकी. मग अनारसा खाताना उद्याच्या उपासाची शिक्षा मनात ठरवावी लागत नाही. भूक लागली तर खावं, पोट भरलं तर "पुरे" म्हणावं, आणि वाढणाऱ्यानं ते "पुरे" खरं मानावं.

जुनी काळजी टाकून द्यावी असं मात्र मला वाटत नाही. ती आजही लागते. फक्त पाहुण्यांनी भरलेली ओसरी ही तिची जागा नाही. गर्दी पांगल्यावर मागच्या घरात लेकीजवळ बसून विचारता येतं: जेवण जातं का, झोप येते का, पाळी वेळेवर येते का, थकवा असेल तर रक्त कधी तपासलं, सासरी कोणी बोलतं का. आणि मग ती जे सांगेल ते मध्येच न तोडता ऐकावं लागतं, मंडई उद्या दुसऱ्या गावाला असली तरी.