जमिनीच्या पोटातले

भोपाळच्या काळ्या मातीत घर बांधणारा प्रथम ती माती उपसतो. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावे लागते. लूककृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायातला शहाणा मनुष्यही खोल खणतो. (हे शब्बाथशाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे.) पण मुरूम लागला म्हणजे झाले काय?

युनियन कार्बाइडने १९७७ साली कारखान्याच्या उत्तरेस सांडपाण्याची तळी केली. १९८४ ची वायुगळती जगाने पाहिली. जमिनीत झिरपलेले विष कोणाला दिसले नाही. भोवतालच्या वस्त्यांचे हातपंप नासले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला तेथे शुद्ध पाणी देण्याचा आदेश करावा लागला.

अशा जागी भराव टाकून, सपाटी करून प्लॉट विकणारा म्हणतो, “त्याने विचारले नाही, मी खोटे बोललो नाही.” मग हे पाप कसे? अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नव्या घराच्या धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडला तर दोष घरधन्याचा. त्याने ढकलले नसले तरी! आणि कठडा नाही हे पाहुण्याला निदान दिसते. जमिनीखालचे विकणाऱ्यालाच ठाऊक असते, म्हणून माझ्या मते त्याचा दोष अधिक. खरे सांगितल्यास किंमत उतरेल, कदाचित गिऱ्हाईकही जाईल; पण राहिला तर तेथे बोअर घ्यायची की नाही, हे त्याला ठरवता येईल.